शेराला एक आणा

आमच्या माळ्यावरच्या एका पत्र्याच्या पेटीत, जुनी पंचांगे, सोयरिकीची पत्रे आणि शेतसाऱ्याच्या पावत्या यांच्या दाटीत, आजोबांच्या शाळकरी दिवसांतले गोखल्यांचे अंकगणित अजून शिल्लक आहे. पाने हात लावताच तुटतात. पण समासात पेन्सिलीने सोडविलेली त्रैराशिके आणि मण-शेरांचे हिशेब अजून वाचता येतात. गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव आज आपण रस्त्यांवर आणि सभागृहांवर वाचतो, मवाळांचे पुढारी व गांधीजींचे गुरू म्हणून त्यांना वर्षातून एकदा हार घालतो. परंतु न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजात मुलांना गणित शिकविणारा हा मास्तर दरिद्री रयतेची कैफियत घेऊन व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गेला, तेव्हा त्याने तिथेही मूलतः एक त्रैराशिकच मांडले होते, ही गोष्ट मात्र आपण विसरलो आहो.

ते त्रैराशिक मिठाचे होते. 1888 सालापासून मिठावर बंगाली मणाला अडीच रुपये कर बसत असे. अडीच रुपयांचे आणे चाळीस आणि त्या मणाचे शेरही चाळीस, म्हणजे शेराला बरोबर एक आणा. कागद-पेन्सिल न घेताही कोणत्याही गृहिणीने तोंडी करावा असा हा हिशेब होता. खुद्द मीठ तयार करण्याचा खर्च या आण्यापुढे अगदीच किरकोळ असल्यामुळे घरातली बाई चिमूटभर खडेमीठ आमटीत टाकी, तेव्हा तिच्या बोटांत मिठापेक्षा करच अधिक असे. आणि हा कर असा की, संस्थानिकाच्या मुदपाकखान्यातून आणि शेतमजुराच्या चुलीवरून तो जवळजवळ सारखाच वसूल व्हावा, कारण श्रीमंत झाला म्हणून कोणी दुप्पट मीठ खात नाही.

26 मार्च 1902 रोजी कलकत्त्यास, लॉर्ड कर्झन अध्यक्षस्थानी असताना, गोखल्यांनी अंदाजपत्रकावर आपले पहिले भाषण केले. त्या वेळच्या कौन्सिलाची घटना ध्यानात घेतल्यावाचून त्या भाषणाचे मोल कळणार नाही. फिरोजशहा मेहतांनी आपली जागा रिकामी केली, मुंबई कौन्सिलाच्या बिनसरकारी सभासदांनी गोखल्यांना निवडून दिले, आणि ते जिथे दाखल झाले तिथे 1892 च्या कायद्यान्वये अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा होती, पण त्यात एका पैचाही फेरफार सुचविण्याची किंवा मत नोंदविण्याची नव्हती. जमाखर्च अगोदरच कायम झालेला असे. वर्षातून एकदा, मार्च अखेरीस, ज्याला जे म्हणायचे ते त्याने म्हणावे आणि घरी जावे, अशी ती व्यवस्था. ज्या सभेत मतच घ्यायचे नाही तिथे वक्त्याला दोनच वाटा उरतात: गाऱ्हाणे गावे, नाही तर समोरच्याच्या वहीतून त्याचीच चूक दाखवावी. गोखल्यांनी दुसरी वाट धरली.

सरकारच्या तिजोरीत त्या साली सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक पडली होती, आणि तिच्याकडे बोट दाखवून मुलूख भरभराटीस आल्याचा निर्वाळा खजिन्याचे सभासद देत होते. 1896 ते 1900 या अवघ्या चार वर्षांत दोन महादुष्काळ होऊन गेले होते, वर प्लेग होताच; असा देश भरभराटीस आला कसा? गोखल्यांनी उत्तर हुंडणावळीत शोधले. रुपयाचा भाव घसरत तेरा पेन्सांच्या आसपास आला, तेव्हा विलायतेस पाठवायच्या रकमेची तोंडमिळवणी व्हावी म्हणून कर चढविण्यात आले. पुढे रुपया सोळा पेन्सांवर स्थिर झाला, तेवढ्याच पौंडांसाठी कमी रुपये पुरू लागले, पण चढविलेले कर मात्र जागच्या जागी राहिले. तेव्हा ही शिल्लक रयतेच्या सुबत्तेची नसून तिच्याकडून गरजेपेक्षा अधिक उकळलेल्या पैशांची आहे, हे त्यांनी सरकारच्याच निळ्या पुस्तकांतील आकड्यांनी सिद्ध केले. आवाज न चढविता, एकही कठोर विशेषण न वापरता केलेले ते भाषण आजही वाचताना मला एखाद्या चोख हिशेबतपासनिसाची आठवण होते.

ते आकडे त्यांच्या एकट्याचे नव्हते, हे सांगितलेच पाहिजे. सोलापूरचे मुख्याध्यापक गणेश व्यंकटेश जोशी हे न्यायमूर्ती रानड्यांच्या तालमीतले. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात त्यांनी जमाबंदी, शेती आणि व्यापार यांवर पानेच्या पाने भरून लिहिले होते, आणि गोखल्यांच्या भाषणामागची पुष्कळशी मेहनत त्यांची होती. आपल्याकडे कौन्सिलात बोलणाऱ्याचा पुतळा होतो. आकड्यांचे रकाने जुळविणाऱ्या हेडमास्तराचा होत नाही.

शिवाय 1897 ची ती माफी होतीच. पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांची ऐकीव हकिकत गोखल्यांनी विलायतेत सांगितली, पुरावा पुढे येईना, आणि परत येताच त्यांना जाहीर माफी मागावी लागली. त्याबद्दल पुण्याने त्यांना दीर्घकाळ क्षमा केली नाही. पाचच वर्षांनी उभा राहिलेला हा वक्ता सरकारी दफ्तरात नसलेला एकही आकडा तोंडातून काढीत नाही, याचे मूळ मला त्या माफीत दिसते.

मिठावरचा कर 1903 साली मणाला दोन रुपये, 1905 साली दीड आणि 1907 साली एक रुपया झाला. शेराचा आणा पाच पैंच्याही खाली आला. हे सारे एका भाषणाचे फळ, असे मी म्हणणार नाही, कारण भरलेली तिजोरी उदार व्हायला फारसे निमित्त मागत नाही. पण दर मार्चला तोच हिशेब नव्याने ऐकावा लागला, की न ऐकल्याचे सोंग करणे कठीण जाते. मवाळांच्या अर्ज-विनंत्यांची पुष्कळ थट्टा झाली, आणि 1923 साली कायदेमंडळाने नाकारलेला मिठाचा कर व्हाइसरॉयने केवळ आपल्या अधिकारात पुन्हा अडीच रुपयांवर नेला, तेव्हा ती थट्टा खरी ठरल्यासारखेही वाटले. एका वर्षात तो खाली आला ही गोष्ट निराळी. पुढे 1930 साली गांधीजींनी देश ढवळून काढण्यासाठी नेमके मीठच उचलले, तेव्हा त्या मिठाची नोंद त्यांच्या गुरूने कौन्सिलाच्या कामकाजात कधीच करून ठेवलेली होती.

1909 च्या सुधारणांनी निदान ठराव आणण्याची सोय झाली. 16 मार्च 1911 रोजी गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचे बिल मांडले. बडोद्यात सयाजीरावांनी सक्तीचे शिक्षण आधीच सुरू केले होते, तो दाखला हाताशी होता. गोखल्यांची मागणी त्या मानाने केवढी बेताची! ज्या म्युनिसिपालिटीची अगर लोकल बोर्डाची तयारी असेल तिने सरकारच्या मंजुरीने आपल्या हद्दीत सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची करावी, आणि ज्या पालकाची मासिक प्राप्ती दहा रुपयांच्या आत असेल त्याच्याकडून फी घेऊ नये, एवढेच. सरकारी सभासद विरुद्ध जाणार हे ठरलेलेच होते. काही हिंदी जमीनदारही, सगळीच पोरे शाळेत गेली तर शेतावर कोण राबेल या धास्तीने, त्यांच्याबरोबर गेले. जिना, मालवीय यांच्यासारखे मोजके लोक बाजूने उभे राहिले. 19 मार्च 1912 रोजी मते मोजली तेव्हा बिलाच्या बाजूने 13 आणि विरुद्ध 38 निघाली. गोखल्यांनी तक्रार केली नाही. आपल्या पिढीने अपयशातूनच देशाची सेवा करायची आहे, अशा अर्थाचे बोलून ते खाली बसले. तीन वर्षांनी, 19 फेब्रुवारी 1915 ला, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुण्यात त्यांचा अंत झाला.

पणजोबा एका सावकाराच्या पेढीवर कारकून होते आणि त्यांचा पगार महिना नऊ रुपये होता. ते बिल पास होऊनही आमच्या आडगावापर्यंत पोहोचले असते की नाही, कोण जाणे. पेटीतल्या अंकगणिताच्या मलपृष्ठात आजोबांच्या शाळेच्या फीच्या सात पावत्या, दोन-दोन आण्यांच्या, अजून टाचून ठेवलेल्या आहेत. सातवी जून 1913 ची आहे.