आधी मीटर दाखवा!

गेल्या पावसाळ्यानंतर सिल्वासात एक गृहस्थ भेटले. पाण्यावर स्कूटर चालवण्याचे यंत्र त्यांच्यापाशी होते म्हणे! बाटलीत पाणी, पाण्यात दोन पत्रे, पत्र्यांना बॅटरीच्या तारा. बुडबुडे निघाले आणि भोवतीच्या मंडळींनी टाळ्या पिटल्या. मी विचारले, "बॅटरी कोण भरते?" म्हणाले, "इंजिन." "आणि इंजिन कशावर चालते?" "पाण्यावर!"

पाणी फोडून वायू करायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी ते वायू जाळून कधीच हाती येत नाही. वाटेत गळती होतेच. स्वतःच्या खांद्यावर स्वतःला बसता येत नाही, हे खेड्यातल्या पोरालाही कळते. पण मी हे बोललो आणि अश्रद्ध ठरलो. "तुम्हां लोकांना आपल्या माणसाचे कौतुकच नाही," असा आहेरही मिळाला.

हेच कौतुक १९९६ साली देशाने तमिळनाडूच्या रामर पिल्ले यांचे केले होते. पाल्यापासून पेट्रोल! खेड्यातल्या माणसाने पंडितांना हरवले, या कल्पनेनेच आपण हुरळलो. पुढे ते पेट्रोल म्हणजे बाजारातल्याच पेट्रोरसायनांचे मिश्रण ठरले आणि २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली.

मोगली एरंडाची गोष्ट निराळी. तिथे लबाडी नव्हती, घाई होती. नियोजन आयोगाच्या समितीने २००३ साली या झाडाच्या तेलावर मोठी भिस्त ठेवली. २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के जैवइंधन मिसळायचे लक्ष्य होते. झाड पडीक जमिनीवर जगते, हे खरे. शेरडे त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून तर आपण त्याचे कुंपण करतो. पण जगणे वेगळे आणि भरपूर बी देणे वेगळे! बी हवे तर पाणी हवे, खत हवे. कुंपणाच्या झाडाकडून शेताचे पीक मागितले. लक्ष्य कागदावरच राहिले.

मग सगळेच खोटे का? मुळीच नाही. पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी पिठूळ खरकट्यावर चालणारे छोटे बायोगॅस संयंत्र केले. २००६ साली त्याला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. कारण साधे आहे: गुराने खाऊन, पचवून टाकलेल्या शेणात ऊर्जा कमीच उरते, तर पिठात ती पुष्कळ असते. म्हणून दोन किलो खरकटे भल्या थोरल्या शेणाच्या ढिगाचे काम करते. मात्र हे संयंत्र खानवेलपलीकडच्या पाड्यावर नेऊन ठेवाल तर फसाल. डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरणाऱ्या वारली बाईच्या घरी खरकटे उरते कुठे? ते उरते मसाट-राखोलीच्या कंपन्यांच्या कँटीनमध्ये, रोज पातेलेभर. तिथे बसवा की! पण कँटीनच्या मागे फीत कापायला कोण येणार?

मी सूत-कारखान्यात वीज-विभागात उमेदवारी केली, तिथेच म्हातारा झालो. म्हणून आमच्या शेजारच्या वहिनींनी 'वीज वाचवणारी डबी' दाखवली, तेव्हा पोटात कालवले. दारावर आलेल्या विक्रेत्याकडून घेतलेली. फोडली, तर आत एक लहान कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा. कपॅसिटर कारखान्यात उपयोगी, कारण तिथे पॉवर फॅक्टरवर बिल हलते. घरचे मीटर युनिटे मोजते. त्या डबीने एक युनिटही कमी होत नाही. उलट हिरव्या दिव्याचीच भर!

खरे दुखणे त्यापुढचे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये छतावरच्या सौरविजेची केंद्रीय योजना आली. तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान. एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला सरासरी चारेक युनिटे देते, पावसाळ्यात कमी. यात जादू नाही, हिशेब आहे. मी उत्साहाने वहिनींकडे गेलो. त्यांचा स्लॅब मोकळा, दक्षिणेला सावली नाही. त्या म्हणाल्या, "नको भाऊजी. एकदा हात पोळले, पुरे झाले. तुम्हीही त्या विक्रेत्यासारखेच बोलताय."

खोट्या यंत्रावरच्या टाळ्यांचा हिशेब मी असा मांडतो: डबीचे काही शे रुपये, आणि त्यापायी उन्हात तापत पडलेला एक रिकामा स्लॅब. रविवारी पुन्हा जाणार आहे. या वेळी पत्रके नेणार नाही. माझ्या छतावरच्या मीटरची वही आणि वर्षभराची बिले नेणार आहे, पावसाळ्यातली सुद्धा.