भांडण जातीचं, की जमिनीचं?



टीव्हीवर लढाई दिसली की वाडीतली पोरं विचारतात, ही माणसं कशापायी भांडतात? शिकलेले सांगतात, धर्म वेगळा, रीतभात वेगळी, म्हणून. अमेरिकेतल्या हंटिंग्टन नावाच्या प्राध्यापकाने १९९३ साली हेच मांडलं, की यापुढची भांडणं संस्कृती-संस्कृतीत होणार. आम्हाला हे अर्धंच पटतं.

आफ्रिकेतला रवांडा घ्या. हुतू आणि तुत्सी शेजारी राहणारे, भाषा एकच. बेल्जियमच्या राजवटीने ओळखपत्रावर जमात लिहिली आणि कारभार तुत्सींच्या हाती दिला. पुढे सत्ता हुतू पुढाऱ्यांकडे आली. १९९४ साली ती जायची वेळ आली, तेव्हा नाक्यानाक्यावर तीच कार्डं बघून माणसं मारली. शंभर दिवसांत लाखो मेले. जमाती जुन्याच होत्या, पण हातात कोयता दिला तो खुर्चीने.

आता आपलं बघू. २५ सप्टेंबर १९३० ला उरण तालुक्यात चिरनेरला जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. हुतात्म्यांत आगरी होते, कोळी होते आणि आपला नाग्या कातकरीही होता. सरकारने जंगल सगळ्यांचंच अडवलं होतं, म्हणून सगळे एकत्र चालून गेले.

आज जमिनीला भाव आलाय. दलाल आगऱ्याला सांगतो, कातकरी तुमचं गुरचरण खाणार. आम्हाला सांगतो, गाववाले तुमची वाडी उठवणार. आपण भांडत बसतो आणि कुंपण तिसऱ्याचं पडतं.

पण खरं ते बोलू. पुष्कळ वाड्यांत घराखालची जमीन सातबाऱ्यावर दुसऱ्याच्याच नावावर आहे. जातीवरून हिणवणंही रोजचं आहे. तेव्हा जात विसरा, असं आम्ही सांगत नाही. जातीचा दाखला आपल्याला लागतो. दळीचा दावा आपण आदिवासी म्हणूनच करतो. दाखला हक्क मागायला आहे, शेजाऱ्यावर उगारायला नाही.

२००६ चा वनहक्क कायदा आदिवासी नसलेल्या जंगलवासीयालाही दावा करू देतो, फक्त तीन पिढ्यांचा पुरावा मागतो. शेजारच्या गावात असा गरीब असेल तर त्याचा अर्ज लिहायला आपण बसू. मग ग्रामसभेत आपल्या दळीसाठी त्याचाही हात वर येईल. दलालाला भीती वाटते ती याचीच.