तेल वाचले, साखरेचे काय? एअर फ्रायरमधले डोनट आणि सध्याची ‘तेल-साखर फलक’ चर्चा

दिवाळीनंतरचे दोन आठवडे मधुमेहाच्या ओपीडीत गर्दी असते. यंदा एक गोष्ट नवीन होती. फराळाची कबुली देण्याआधीच अनेकांनी बचाव तयार ठेवला होता. “डॉक्टर, तेलाचा थेंब नाही. सगळे एअर फ्रायरमध्ये केले.” साठी ओलांडलेल्या एका काकूंनी तर मोबाईलवर फोटोच दाखवला. लिंबाएवढे, सोनेरी, दालचिनी-साखरेत घोळवलेले डोनटचे गोळे. नातवंडांसाठी केले होते, त्यातले सहा-सात त्यांनीही खाल्ले. दोन तासांनी घरच्या ग्लुकोमीटरवर आकडा आला २६८. त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता: “तळलेले नव्हते, मग साखर वाढली कशी?”

हा प्रश्न एकट्या काकूंचा नाही. गेल्या वर्षभरात आपल्याकडे खाण्यापिण्याविषयी जी सार्वजनिक चर्चा झाली, तिच्यातूनच तो आला आहे.

वर्षभरात काय घडले

२३ फेब्रुवारी २०२५ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी लठ्ठपणाचा विषय घेतला आणि घरातील खाद्यतेल १० टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. मे महिन्यात सीबीएसईने शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले. मुलांच्या रोजच्या उष्मांकांपैकी ४ ते १० वर्षे वयोगटात १३ टक्के आणि ११ ते १८ वर्षांत १५ टक्के साखरेतून येतात, मर्यादा मात्र ५ टक्क्यांची आहे, असे त्या परिपत्रकात म्हटले होते. जूनमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी कार्यालये आणि संस्थांना पत्र पाठवून तेल आणि साखर किती पोटात जाते हे दाखवणारे फलक लावण्याची सूचना केली.

जुलैमध्ये नागपूरच्या एम्ससह ठिकठिकाणी असे फलक लागणार असल्याची बातमी आली आणि दोन दिवसांत तिचे रूपांतर ‘समोसा-जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा’ असे झाले. सरकारला खुलासा करावा लागला की हे फलक कॅन्टीन, लॉबी, बैठकीच्या खोल्या अशा ठिकाणांसाठी आहेत, कोणत्याही फेरीवाल्याच्या पदार्थावर इशारा छापायला सांगितलेले नाही. मग २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे नवे दर आले आणि केक, पेस्ट्री, बिस्किटांवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर उतरला. म्हणजे एकीकडे फलक लागत होते आणि दुसरीकडे बेकरीचा माल स्वस्त होत होता. (डोनट विकणे ही रेस्टॉरंटची सेवा की बेकरीचा माल, कर ५ टक्के की १८, हा वाद यंदाच मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. डोनटचे नाव एवढ्या गांभीर्याने घेतले गेल्याचे निदान मला तरी दुसरे उदाहरण आठवत नाही.)

फलकांना माझा विरोध नाही. उलट ते आधीच लागायला हवे होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पण फलकावर दोन शब्द होते, तेल आणि साखर. लोकांच्या मनात त्यातला एकच जास्त रुजला. त्याचे कारण साधे आहे: तेल कमी करणारे यंत्र दुकानात मिळते, साखर कमी करणारे यंत्र मिळत नाही. त्यामुळे ज्याने एअर फ्रायर घेतला त्याला वाटते, आपण आपले काम केले.

आणि फलक लागतात शाळेत, कार्यालयात, रुग्णालयात. घरी केलेल्या पदार्थावर ना फलक असतो, ना वेष्टन, ना उष्मांकांचा तक्ता. तिथे हिशेब आपल्यालाच करावा लागतो. तो इथे करून पाहू.

सोळा गोळ्यांचा हिशेब

समाजमाध्यमांवर फिरणारी ही कृती खरोखर सोपी आहे. १२५ ग्रॅम मैदा, साधारण तेवढाच चक्का, दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. मळायचे, सोळा गोळे करायचे, १८० अंशांवर आठ-दहा मिनिटे ठेवायचे. बाहेर काढल्यावर दोन मोठे चमचे वितळलेले लोणी लावून पाव कप साखर आणि दालचिनीत घोळवायचे.

मैद्याचे सुमारे ४४० उष्मांक, चक्क्याचे सव्वाशेच्या आसपास. म्हणजे नुसते पीठ साधारण ५६५. लोण्याचे २०० आणि साखरेचे २०० मिळवले की एकूण ९६५. एका गोळ्यात ६० उष्मांक आणि साधारण ९ ग्रॅम कर्बोदके. चक्का किती घट्ट, साखर किती चिकटली यावर थोडेफार इकडेतिकडे होईल, पण अंदाज एवढाच.

आता हेच गोळे कढईत तळले असते तर? पिठाने ३०-४० ग्रॅम तेल शोषले असे धरू. एक ग्रॅम तेलात ९ उष्मांक, म्हणजे साधारण ३०० वाचले. त्यातले २०० आपण लोण्यातून परत घेतले. शिवाय शेंगदाणा तेलात संपृक्त चरबी पाचव्या हिश्शाहूनही कमी असते, लोण्याच्या वजनात ती निम्म्याच्या आसपास असते. हृदयविकाराच्या रुग्णाने तळण टाळून लोणी लावले तर कोलेस्टेरॉलच्या दृष्टीने त्याने फारसे काही मिळवले नाही.

साखरेच्या बाजूला तर काहीच बदललेले नाही. सहा गोळे खाल्ले की ५५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके होतात. घरातल्या मध्यम आकाराच्या तीन पोळ्यांएवढी, आणि तीही कोंडा काढलेल्या मैद्याची. त्यात वरून घातलेली साखरच १८-१९ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना अशी साखर एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांखाली, शक्यतो ५ टक्क्यांखाली ठेवायला सांगते. २,००० उष्मांकांच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. चहातली दोन वेळची साखर धरली तर ही मर्यादा सहा गोळ्यांतच ओलांडली.

काकूंनी हे गोळे रात्रीच्या जेवणानंतर खाल्ले होते. दोन पोळ्या आणि भात आधी झालाच होता. म्हणजे त्यांच्या शरीराने एका बैठकीत जवळजवळ दोन जेवणांची कर्बोदके हाताळली. २६८ मध्ये आश्चर्य वाटण्यासारखे काही नव्हते.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. स्निग्ध पदार्थ जठर रिकामे होण्याचा वेग कमी करतात. त्यामुळे तळलेल्या पदार्थानंतर साखर हळूहळू चढते आणि उशिरापर्यंत चढलेली राहू शकते. तेच पीठ कमी चरबीचे असेल तर ती लवकर चढू शकते. याचा अर्थ तळलेले बरे, असा कृपया काढू नका. अर्थ एवढाच की ‘तेल नाही म्हणजे साखर वाढणार नाही’ हे गणित मुळातच चुकीचे आहे.

मग एअर फ्रायर निरुपयोगी का?

अजिबात नाही. हे यंत्र म्हणजे एक छोटी भट्टी. वर तापणारी तार आणि गरम हवा वेगाने फिरवणारा पंखा. नावात तळणे असले तरी त्यात तळले जात नाही, भाजले जाते. त्याचा खरा फायदा मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो: तळणीचे तेल उरत नाही.

आपल्या घरांत तळण झाले की कढईतले तेल गाळून ठेवतात आणि पुढचे आठ दिवस फोडणीला वापरतात. दिवाळीत तर चकल्या, शेव, करंज्या त्याच तेलात एकामागून एक. वारंवार तापलेल्या तेलात ध्रुवीय संयुगे वाढत जातात. २५ टक्क्यांहून जास्त झाली की ते तेल खाद्यपदार्थांसाठी वापरता येत नाही, असा एफएसएसएआयचा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. पण तो नियम हॉटेल आणि फरसाणवाल्यांसाठी. घरच्या कढईपाशी तपासनीस येत नाही. ज्या घरात एअर फ्रायरमुळे हे तेल साठवणे थांबले, त्या घरात पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही.

अॅक्रिलामाइडबद्दलही विचारणा होते. पिठाचे किंवा बटाट्याचे पदार्थ १२० अंशांहून जास्त तापमानाला कोरडे भाजले-तळले की हे रसायन थोड्या प्रमाणात तयार होते. अन्नात ते असते हे स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवले. प्राण्यांत त्याने कर्करोग होतो. माणसांत आहारातील प्रमाणाने होतो का, याचा पुरावा स्पष्ट नाही. एअर फ्रायरमध्येही ते तयार होतेच. त्यामुळे गोळे फिकट सोनेरी झाले की काढावेत. तपकिरी, कडक होईपर्यंत ठेवू नयेत. याहून जास्त काळजी करण्याची गरज नाही. रोजच्या पोळीभाकरीवरचे काळे डाग पाहून घाबरून येणारे रुग्णही मला भेटतात, त्यांनाही हेच सांगतो.

घरात एकच आजार नसतो

त्याच काकूंच्या यजमानांना उच्च रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा जुना आजार आहे. “त्यांना तर गोड चालते ना?” असे काकूंनी विचारले. त्यांच्या बाबतीत अडचण साखरेची नव्हती, बेकिंग पावडरची होती. एका चहाच्या चमच्यात ४०० ते ५०० मिलिग्रॅम सोडियम असते. दीड चमच्यात सातशेच्या आसपास, शिवाय मीठ वेगळे. दिवसभराची मर्यादा २,००० मिलिग्रॅमची आहे. सहा गोळ्यांतून २५० मिलिग्रॅमहून जास्त सोडियम जाते आणि चवीला ते खारट लागत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. अनेक बेकिंग पावडरींत फॉस्फेटही असते आणि ते डाळी-दुधातल्या फॉस्फरसपेक्षा जास्त सहज शोषले जाते. मूत्रपिंडाच्या रुग्णांना ज्या कारणाने बिस्किटे-पाव कमी करायला सांगतो, तेच कारण इथेही लागू होते. खायचा सोडा याहून वाईट, त्याच्या एका चमच्यात १,२०० मिलिग्रॅमहून जास्त सोडियम असते.

गुळाचे काय, हा पुढचा प्रश्न ठरलेला. रक्तातील साखरेसाठी गूळ आणि साखर यांत मोठा फरक नाही. मध, खजूर, पिठीसाखर यांनाही हेच लागू. कृत्रिम गोडव्याबाबत, वजन कमी करण्यासाठी त्यावर विसंबू नका असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये दिला. तो सल्ला आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नव्हता, त्यामुळे मधुमेहात थोडा वापर चालतो. पण तेवढ्याने मैदा मैदाच राहतो.

काकूंना मी डोनट बंद करायला सांगितले नाही. नातवंडे घरी आली आहेत आणि आजी नुसती बघत बसली आहे, असे पथ्य चार दिवस टिकते. बदल सांगितले ते असे. मैदा निम्मा आणि कणीक निम्मी. गोळे थोडे जड होतात, पण मुले खातात. लोण्याऐवजी दुधाचा हात लावून दालचिनी भुरभुरायची, पाव कप साखरेऐवजी दोन चहाचे चमचे, म्हणजे ८ ग्रॅम. असे केले की एका गोळ्याचे उष्मांक ६० वरून ३८ च्या आसपास येतात आणि कर्बोदके साडेसहा ग्रॅमवर. त्यांनी खायचे ते तीन, आणि त्या जेवणात एक पोळी कमी. जेवणानंतर वर आणखी, असे नाही. पहिल्यांदा खातील त्या दिवशी दोन तासांनी साखर तपासायची. आकडा वहीत लिहायचा, जेवणात काय काय होते तेही लिहायचे.

इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी गोड खाल्ले म्हणून स्वतःच्या मनाने डोस वाढवू नये. पोळी वगळायची असेल तर तेही आधी डॉक्टरांना विचारून. आणि साखर ७० च्या खाली गेली, हातापायाला कंप सुटला, घाम फुटला, तर त्या वेळी डोनट हा उपाय नाही. त्यातला मैदा आणि चरबी वेळ घेतात. तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. घरात सगळ्यांना हे माहीत असू द्या, मुलांनाही.

तीन आठवड्यांनी काकू वही घेऊन आल्या. तीन गोळे खाल्लेल्या दिवशीचा आकडा होता १७८. त्याखाली त्यांनी लिहिले होते, ‘भात घेतला नाही.’ यजमानांच्या गोळ्यांत बेकिंग पावडर किती घालायची, हे विचारायचे मात्र राहून गेले होते. ते मी त्याच पानावर लिहून दिले: अर्धा चमचा, मीठ अजिबात नाही, दोनपेक्षा जास्त नाहीत, आणि पुढच्या वेळी रक्तातील फॉस्फरसचा रिपोर्ट सोबत आणा.