हातगाड्या हटवण्याचा सल्ला कुणासाठी?



रविवारच्या पुरवणीतला रस्त्यावरच्या खाण्याविषयीचा लेख वाचला. वडापाव आहे, मिसळ आहे, इंदूरचा सराफा आहे, दिल्लीची चाट आहे, कोलकात्याचा पुचका आहे. नागपूरहून सुटलेली गाडी थेट हावड्यालाच थांबते, असा लेखकाचा समज दिसतो. मध्ये रायपूर लागते.

आमची गुढियारी रायपूर स्टेशनच्या मागच्या अंगाला. सकाळी ठेल्यावर तांदळाच्या पिठाचा पातळ चिला आणि त्यावर टोमॅटोची झणझणीत चटणी. शिवाय फरा: भात आणि तांदळाचे पीठ मळून बोटाएवढ्या वळ्या करायच्या, वाफवायच्या आणि तीळ-मिरचीच्या फोडणीत परतायच्या. आलूगुंडा, बडा, संध्याकाळी गुपचूप, म्हणजे पाणीपुरी. इथल्या पेठेतला हमाल हे चवीची सहल म्हणून खात नाही, भूक लागली म्हणून खातो.

बरे, यादीतून वगळलेत ते एक वेळ सोडून देऊ. पण शेवटी सल्ला काय, तर ठेले हटवून सगळ्यांना एका चकचकीत ‘फूड हब’मध्ये न्या! हमालाने पाठीवरचे पोते टाकून तिथवर जायचे का? २०१४चा फेरीवाला कायदा शहराच्या लोकसंख्येच्या २.५ टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना जागा द्या म्हणतो. २०११च्या जनगणनेत रायपूरची वस्ती दहा लाखांच्या वर होती. म्हणजे २५ हजार. हबमध्ये गाळे किती असतात? शंभर? दोनशे? उरलेल्यांनी कुठे जायचे, हे लेखात नाही. पंचवीस हजार, संपादक महाशय!

महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारात २०१६पासून ‘गढकलेवा’ हे छत्तीसगढी पदार्थांचे उपाहारगृह आहे. उत्तम आहे, पाहुण्यांना आम्हीही तिथेच नेतो. पण ते ठेल्याच्या जोडीला, ठेल्याऐवजी नव्हे.

राहिला स्वच्छतेचा मुद्दा. छोट्या विक्रेत्याची अन्न सुरक्षा नोंदणी होते, ती करायला लावा. पण ठेल्याजवळ नळ कुणी द्यायचा? कचराकुंडी कुणी ठेवायची? उघडी नाली वाहते ती काय गुपचूपवाल्याने खणली? घरपट्टी आम्ही वेळेवर भरतो. पावसाळ्यात त्याच नालीचे पाणी दारात येते, त्यावर मात्र पुरवणी निघत नाही.

हा सल्ला आपण मागे घ्यावा. ते जमत नसेल तर त्या २५ हजारांचा हिशेब तरी छापावा.

– एक वाचक, गुढियारी, रायपूर