चुकण्याची मुभा कोणाला?

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमधून एकच प्रश्न फिरू लागतो, ‘पोरीला कुठं घालू?’ रविवारी विहारात वंदना झाल्यावर आम्ही काही मंडळी विद्यार्थ्यांसाठी बसतो, तिथे यंदा एक गृहस्थ आले. नगरपालिकेत सफाई कामगार, नोकरी कायम. सोबत मुलगी आणि हातात एका चकचकीत खाजगी विद्यापीठाचे माहितीपत्रक. ‘साहेब, ते म्हणतात आजच पंचवीस हजार भरा, सीट पक्की करतो. आर्टिफिशियल इंटेलिजन्सची सीट आहे.’ वर्षाची फी साडेतीन लाख. फ्रीशिप चालते का, असे विचारल्यावर तिथल्या बाईंनी हसून नाही म्हटले होते.

मुलीला विचारले, बाळा, तुला काय शिकायचे आहे? ती म्हणाली, ‘गणित आवडतं. पण पुढं काय व्हायचं ते मला अजून कळलेलं नाही.’ बाप ओशाळला. आम्हाला मात्र त्या दिवसभरात ऐकलेले ते सर्वात प्रामाणिक उत्तर वाटले. सतराव्या वर्षी कोणाला कळलेले असते? फरक इतकाच की ज्याच्या बापाची ऐपत आहे त्याला न कळण्याची मुभा आहे. त्याने अभियांत्रिकी सोडून डिझाईन घेतले, तेही सोडून परदेशात एमबीए केले, तर त्याला ‘स्वतःचा शोध’ म्हणतात. आपल्या मुलाने एकदा वाट बदलली की शिष्यवृत्तीचा कारकून म्हणतो, बसत नाही.

हे अलंकारिक नव्हे. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा मूळचा नियमच असा की शिक्षणाची एक पायरी पूर्ण करून त्याच पायरीवर दुसरा विषय घेणाऱ्यास, म्हणजे बी.ए. होऊन पुन्हा बी.कॉम. करणाऱ्यास, शिष्यवृत्ती मिळणार नाही. शासनाच्या पैशाचा अपव्यय होऊ नये हा त्यामागचा हेतू असेल, पण परिणाम काय होतो? ज्यांच्या घरात महाविद्यालय पाहिलेला पहिलाच माणूस शिकतो आहे, ज्यांना सल्ला देणारा मामा-काका नाही, त्यांनीच पहिल्या फटक्यात अचूक निवड केली पाहिजे. ज्याला माहिती सर्वात कमी, त्याला चुकीचा दंड सर्वात जास्त!

त्या गृहस्थांचा हिशेब आम्ही कागदावर मांडला. तो इथेही मांडतो, कारण शेकडो घरांचा तोच आहे. शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा अडीच लाख. २०१३ च्या सुमारास ती ठरली आणि २०२१ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांमध्येही तीच कायम राहिली. २०१९ मध्ये १०३ वी घटनादुरुस्ती करून आर्थिकदृष्ट्या दुर्बलांसाठी आरक्षण आणले, तेव्हा त्या ‘दुर्बलां’ची मर्यादा मात्र आठ लाख ठरली. म्हणजे महिन्याला साठ हजार मिळवणारा सवर्ण दुर्बल आणि पंचवीस हजार मिळवणारा सफाई कामगार शिष्यवृत्तीसाठी सबल! या गणिताचा खुलासा कोणत्याही पक्षाच्या आमदार-खासदाराने केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

नोकरी कायम असल्याने हे गृहस्थ अडीच लाखांच्या वर जातात. त्यामुळे मुलीला निर्वाह भत्ता नाही. मिळते ती राज्याची फ्रीशिप, म्हणजे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. अनुसूचित जातींसाठी तिला उत्पन्नाची अट नाही, ही मोठीच जमेची बाजू. पण फ्रीशिप म्हणजे फुकट शिक्षण असा आपल्याकडे समज आहे, तो घातक आहे. खोली, खानावळ, प्रवास, लॅपटॉप, प्रकल्पाचा खर्च यातले काहीही त्यात येत नाही. पुण्या-मुंबईत मुलगी ठेवायची तर बापाच्या पगाराचा मोठा वाटा तिकडेच जाणार. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत वर्षाला साठ हजार, इतर महापालिका क्षेत्रांत एक्कावन्न हजार. परंतु तिलाही तीच अडीच लाखांची मर्यादा. हेच गृहस्थ ठेकेदाराकडे कंत्राटी सफाई कामगार असते तर मुलीला शिष्यवृत्तीही मिळाली असती आणि स्वाधारचा अर्जही करता आला असता. कायम नोकरीसाठी लढणाऱ्या कामगाराला व्यवस्थेने दिलेले हे बक्षीस.

दुसरी गोष्ट पैसे कधी मिळतात याची. योजनेत लिहिलेले आणि हातात पडलेले यांच्यात महिने जातात, कधी वर्ष जाते. महाडीबीटीवर अर्ज, त्यातली त्रुटी, महाविद्यालयाच्या लॉगिनला अडकलेली फाईल, हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. अनुसूचित जातीच्या पात्र विद्यार्थ्यांकडून प्रवेशावेळी शिक्षण शुल्क मागू नये, असे शासनाने परिपत्रकांतून बजावले आहे. तरी संस्था मागतात, आणि नंतर दाखला अडवतात. २०२४ साली उत्तर प्रदेशातील एका मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. साडेसतरा हजार रुपये भरायचे होते. गावातून उसने गोळा करेपर्यंत मुदत टळली आणि जागा गेली. तो सर्वोच्च न्यायालयात गेला, ३० सप्टेंबर २०२४ रोजी न्यायालयाने घटनेच्या कलम १४२ खाली त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला. आनंदाची गोष्ट आहे. पण साडेसतरा हजारांसाठी प्रत्येक मुलगा दिल्ली गाठू शकत नाही. म्हणून कोणते महाविद्यालय, याच्या आधी प्रवेशाच्या दिवशी हातात किती रोख लागेल, हे विचारा. आयआयटीत २०१६ पासून अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क पूर्ण माफ आहे, तरीही जागा स्वीकारण्याची रक्कम आधी भरावीच लागते.

मिळालेली सवलत शेवटपर्यंत टिकेल असेही समजू नये. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने भारत सरकार शिष्यवृत्तीधारकांची शुल्कमाफी काढून घेतली, तेव्हा फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईपासून गुवाहाटीपर्यंतच्या तिच्या विद्यार्थ्यांना संप करावा लागला. मुले वर्गात बसल्यावर नियम बदलतात.

आता त्या चकचकीत विद्यापीठाविषयी. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना दार उघडले आणि महाराष्ट्रात शिक्षणसम्राटांची पिढी जन्माला आली. २००५ मध्ये इनामदार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित संस्थांवर आरक्षण लादता येणार नाही असे म्हटले, त्यावर उपाय म्हणून ९३ वी घटनादुरुस्ती होऊन कलम १५(५) आले. त्यातूनही अल्पसंख्याक संस्था वगळल्या गेल्या. शासनाच्या केंद्रीभूत प्रवेशफेरीतून गेलात तर आरक्षण, शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली फी आणि फ्रीशिप या तिन्ही गोष्टी तुमच्या पाठीशी राहतात. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की शिष्यवृत्ती हातची गेली. ‘आजच भरा, सीट पक्की’ ही भाषा मुळात प्रवेशाची नाही, प्लॉट विकणाऱ्याची आहे.

याचा अर्थ मुलीने गावातच रहावे असा नाही. उलट, जिथे आपला मुलगा माणूस म्हणून राहू शकेल अशी जागा शोधणे हाही निवडीचाच भाग आहे. रोहित वेमुला २०१६, पायल तडवी २०१९, दर्शन सोळंकी २०२३. ही नावे लिहिताना हात थांबतो. मोठ्या नावाच्या संस्थेत प्रवेश मिळाला म्हणून पेढे वाटणाऱ्या आई-बापाला तिथे आपल्या लेकराशी कोण बोलते, कोण बोलत नाही, हे कळायला मार्ग नसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ च्या विनियमांनी समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितले होते. चौकशीला जाल तेव्हा त्या अधिकाऱ्याचे नाव विचारा. आणि त्याहून महत्त्वाचे, वरच्या वर्गात शिकणारी आपली दोन मुले गाठा, चहा पाजा, तासभर ऐका. माहितीपत्रकाच्या पन्नास पानांत नसलेले तिथे कळते.

अनुदानित महाविद्यालय स्वस्त, म्हणून डोळे झाकून तेही घेऊ नका. वर्षानुवर्षे प्राध्यापक भरती रखडल्याने कित्येक विभाग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालले आहेत. बिचारे तेही आपल्यातलेच असतात, नेट-सेट होऊन तुटपुंज्या मानधनावर राबणारे. विभागात कायम शिक्षक किती, प्रयोगशाळा चालते का, हे पाहूनच ठरवा.

राहिला प्रश्न न कळलेल्या आवडीचा. बाबासाहेबांचे नाव घेऊन ‘ध्येय निश्चित करा’ असे भाषणात सांगितले जाते. त्यांचे स्वतःचे शिक्षण पाहा. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात गेले ते अर्थशास्त्रासाठी, पण समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र असे समोर येईल ते शिकत राहिले. १९१६ मध्ये लंडनला अर्थशास्त्राबरोबर कायदाही सुरू केला. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन १९२० मध्ये पुन्हा गेले. पुढे १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, तेव्हा मुंबईत सिद्धार्थ आणि औरंगाबादेत मिलिंद उभे केले, ते मुलांना घराजवळ, परवडणाऱ्या खर्चात ज्ञानाची सगळी दारे खुली व्हावीत म्हणून. तिथली पोरे कोणी वकील झाली, कोणी कवी, कोणी कलेक्टर. आत शिरताना त्यांना ते ठाऊक होते असे नाही.

म्हणून ज्या मुलाची आवड ठरलेली नाही त्याने सर्वाधिक वाटा उघड्या ठेवणारा अभ्यासक्रम घ्यावा, असे आमचे मत आहे. एआय, डेटा अशी पाटी लावलेला अभ्यासक्रम दिसला की त्याखाली काय शिकवतात ते पाहावे. त्याचा पाया गणित आणि संख्याशास्त्रच असतो. बी.एस्सी. संख्याशास्त्र केलेली मुलगी एम.एस्सी.ला जाऊ शकते, एमसीए करू शकते, भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा देऊ शकते, तीन वर्षांचा एलएलबीही करू शकते. अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाचीही वाट तिला नियमात आहे. फक्त तिथे शिष्यवृत्तीचा तो नियम आडवा येऊ शकतो, तेव्हा समाजकल्याण कार्यालयात आधी लेखी विचारून ठेवावे, तोंडी उत्तरावर जाऊ नये.

मुलीने दोन्ही फॉर्म भरायचे ठरवले आहे. जिल्ह्याच्या ठिकाणचे अनुदानित महाविद्यालय, तिथे संख्याशास्त्राला तीन कायम शिक्षक आहेत. आणि अभियांत्रिकीच्या फेरीत घरून बसने जाता येईल अशी चारच महाविद्यालये. पहिल्या पसंतीचे मिळाले की ते घ्यावेच लागते, म्हणून मैत्रिणीचे पाहून पहिले नाव टाकायचे नाही, एवढे तिला बजावले. पंचवीस हजार खिशातच राहिले. अडले आहे ते जात पडताळणीपाशी. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा हवा, आणि आजोबांचा शाळेचा दाखला सापडत नाही, कारण आजोबा शाळेत गेलेच नव्हते. पणजोबांच्या नावाची कोतवाल बुकातील नोंद मिळते का, हे पाहायला गृहस्थ सोमवारी रजा टाकून तहसीलला जाणार आहेत. अकरावीतच हे काम केले असते तर आज ही धावपळ नसती. ज्यांची मुले यंदा अकरावीत आहेत त्यांनी ही फाईल याच महिन्यात दाखल करावी.