रॉकेट पोचलं, उपग्रह अडकला. 'एनव्हीएस-०२'चं नेमकं झालं काय?

बेळगाव : श्रीहरिकोट्याहून २९ जानेवारी २०२५ ला सकाळी ६ वाजून २३ मिनिटांनी जीएसएलव्ही-एफ१५ उडालं. तिथलं हे शंभरावं उड्डाण, त्यामुळे दिवसभर मोबाईलवर अभिनंदनाचे संदेश फिरले. रविवारी, २ फेब्रुवारीला इस्रोने मोजक्या ओळींत कळवलं की एनव्हीएस-०२ उपग्रहाची कक्षा उंचावता आली नाही, कारण इंजिनाला ऑक्सिडायझर पोचवणारे व्हॉल्व्ह उघडलेच नाहीत. मग कट्ट्याकट्ट्यावर प्रश्न सुरू झाले. रॉकेट यशस्वी म्हणता, उपग्रह वर गेला म्हणता, मग अडकला कुठे?

दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. गोंधळ होतो तो आपण उपग्रह 'वर टांगलेला' समजतो म्हणून. प्रत्यक्षात तो सतत खाली पडत असतो. फक्त आडवा इतक्या वेगात पळत असतो की तो जितका पडतो तितकी खालची गोल पृथ्वीही वळत जाते. जोंधळ्याच्या शेतात पाखरं हाकताना गोफणीचा दगड जोर वाढवाल तसा लांब जाऊन पडतो. तो दगड पडायचाच राहिला, तर त्याचा उपग्रह झाला. म्हणजे खेळ उंचीपेक्षा वेगाचा आहे.

जीएसएलव्हीचं काम एनव्हीएस-०२ ला लांबट, अंड्यासारख्या कक्षेत सोडायचं होतं. जवळचं टोक जमिनीपासून १७० किलोमीटरवर, दूरचं साधारण ३६,५०० किलोमीटरवर. ते काम रॉकेटने केलं. इथून पुढचा प्रवास उपग्रहाने स्वतःच्या इंजिनावर करायचा असतो. एसटी फाट्यावर सोडते, गावात आपापलं जायचं, तसंच हे.

या कक्षेचा हिशेब जमाखर्चासारखा आहे. वर चढताना वेग खर्ची पडतो, खाली येताना परत जमा होतो. जवळच्या टोकाला उपग्रह सेकंदाला १० किलोमीटरहून जास्त वेगात असतो. दूरच्या टोकाला पोचेपर्यंत हाती उरतात जेमतेम दीड किलोमीटर. त्या उंचीवर गोल कक्षेत टिकायला मात्र ३ किलोमीटरहून थोडा जास्त वेग लागतो. साधारण दीड किलोमीटरची तूट! ती भरली नाही की उपग्रह पुन्हा खाली घसरतो आणि दर पावणेअकरा तासांनी तीच फेरी मारत राहतो.

तूट भरायची कुठे, याचा नियम सोपा पण उलटा वाटणारा आहे. कक्षेच्या एका टोकाला वेग वाढवला की समोरचं टोक उंचावतं. चांद्रयान-३ आणि मंगळयान यांनी पृथ्वीजवळ आल्यावर इंजिन पेटवून दूरचं टोक आणखी दूर ढकललं होतं. एनव्हीएस-०२ ला नेमकं उलट करायचं होतं. दूरच्या टोकाला इंजिन पेटवून जवळचं टोक वर उचलायचं. त्याच्या इंजिनाचा जोर ४४० न्यूटन, म्हणजे सिमेंटचं एक पोतं उचलायलाही अपुरा, आणि उपग्रहाचं वजन २,२५० किलो. म्हणून हे काम एका दमात होत नाही, हप्त्याहप्त्याने होतं. मंगळयानाचाही असा एक हप्ता चुकला होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये चौथ्या फेरीला सेकंदाला १३० मीटर वेग वाढवायचा होता, वाढला फक्त ३५ मीटर. दुसऱ्या दिवशी इंजिन पुन्हा पेटवून बाकी भरून काढली. एनव्हीएस-०२ च्या वाट्याला ती दुसरी संधी आली नाही. अंतराळात हवा नाही, त्यामुळे इंधन जाळायला लागणारा ऑक्सिडायझरही सोबतच न्यावा लागतो. व्हॉल्व्ह बंद राहिले, तर टाकी भरलेली असूनही तिचा उपयोग शून्य.

दुसरी अडचण १७० किलोमीटरचीच. तिथे हवा अतिशय विरळ, पण अगदीच नाही असं नाही. प्रत्येक फेरीत ती थोडा वेग खाते आणि वरच्याच नियमाने दूरचं टोक हळूहळू खाली येत जातं. आहे त्या लांबट कक्षेतच उपग्रहाचा दिशादर्शनासाठी काही उपयोग होतो का, ते पाहत असल्याचं इस्रोने तेव्हा म्हटलं होतं. तसं झालं तर चांगलंच. पण मूळ कामाची भरपाई त्यातून होणं अवघड दिसतं, कारण नाविकचे उपग्रह २४ तासांच्या कक्षेत राहून आपल्याच भागावर नजर ठेवतात. पावणेअकरा तासांची कक्षा तशी जुळत नाही.

आणि नाविकला नव्या उपग्रहांची निकड आहे. जागा ठरवायला रिसीव्हरला एका वेळी किमान चार उपग्रह लागतात, आणि जुन्यांपैकी काहींची अणुघड्याळं आधीच बंद पडली आहेत. घड्याळ नाही तर दिशादर्शन नाही. मालवण-गोव्याच्या ट्रॉलरपासून सैन्यापर्यंत सगळ्यांसाठी ही यंत्रणा उभी केली आहे. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र असलेल्या बेळगावला सैन्याला आपली स्वतःची यंत्रणा का हवी, हे वेगळं सांगायला नको.

शंभराव्या उड्डाणाचं थेट प्रक्षेपण देशाने पाहिलं. बिघाडाची माहिती मात्र मोजक्या ओळींत आटोपली, हे खटकतं. या मालिकेत एकूण पाच उपग्रह आहेत. तिसरा उडण्याआधी व्हॉल्व्ह का उघडले नाहीत, याचा अहवाल लोकांसमोर यायला हवा.