या वयात दाढेला टोपी कशाला?

उतारवयातील दातांविषयी दवाखान्यात सर्वाधिक वेळा कानी पडणारे वाक्य म्हणजे, "डॉक्टरसाहेब, आता किती दिवस राहिलेत? दाढ काढूनच टाका." हे कधी आजोबा स्वतः म्हणतात, तर कधी त्यांना घेऊन आलेला मुलगा म्हणतो. त्यात काटकसर असते, उपचारांचा कंटाळा असतो, आणि आपल्यामुळे मुलांना खर्च नको ही वडीलधाऱ्यांची भीडही असते. मी दंतवैद्य नाही. परंतु दाढ दुखू लागली की आपल्याकडचे बहुतेक वृद्ध प्रथम गावातल्या सामान्य डॉक्टरकडेच येतात, आणि दाढ गेल्यानंतर खाण्यापिण्याची जी आबाळ होते तिचे परिणामही पुढे आमच्याच समोर येऊन बसतात. म्हणून तुटलेल्या वा किडलेल्या दाढेवर बसवल्या जाणाऱ्या टोपीविषयी, म्हणजे लोक जिला 'कॅप' म्हणतात त्या क्राऊनविषयी, आज लिहीत आहे.

दाढ गेली की ताट बदलते

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावर असो वा घाटाखाली, जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, उसळ, कोशिंबीर, मूठभर शेंगदाणे. हे सारे अन्न दाढांनी दळूनच खावे लागते. एका बाजूच्या दाढा निकामी झाल्या की माणूस दुसऱ्या बाजूने चावतो. तीही बाजू दुखू लागली की भाकरी मागे पडते, मग उसळ, मग काकडी-गाजर. अखेर चहात बुडवलेले बिस्किट आणि वरणात कालवलेला मऊ भात एवढेच उरते. मधुमेही व्यक्तीची साखर अशा आहाराने वाढते, तंतुमय पदार्थ गेल्याने बद्धकोष्ठ होते, प्रथिने कमी पडल्याने मांड्या-पिंढऱ्या वाळतात आणि तोल जाऊ लागतो. घरच्यांना वाटते, "वय झाले, भूक मंदावली." अनेकदा भूक शाबूत असते, चावणे थांबलेले असते. सत्तराव्या वर्षी एका दाढेचा निर्णय हा पुढील अनेक वर्षांच्या जेवणाचा निर्णय असतो, ही गोष्ट आधी मनात पक्की करावी.

टोपी नेमके काय करते?

दाताचे वरचे कवच हा आपल्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. परंतु ते एकदा झिजले किंवा तुटले की पुन्हा उगवत नाही. कीड खोल जाऊन दाताच्या गरापर्यंत पोचली की ठणका लागतो. मग रूट कॅनाल करून तो गर काढतात, पोकळी स्वच्छ करून भरतात. ठणका थांबतो. मात्र कीड आणि उपचार या दोहोंमुळे दाढ आतून पोखरली गेलेली असते, भोवतालच्या भिंती पातळ उरतात. अशा दाढेखाली सुपारीचे खांड किंवा फुटाण्यातला खडा आला, तर लाकडात पाचर ठोकावी तशी ती उभी चिरते.

बैलगाडीचे लाकडी चाक ज्यांनी पाहिले आहे त्यांना टोपीचे काम चटकन समजेल. चाकावर लोखंडी धाव चढवतात; लाकडाचे सारे तुकडे ती आवळून धरते आणि रस्त्याचा मार स्वतः सोसते. टोपी दाढेला चोहोबाजूंनी तशीच आवळून धरते. त्यासाठी दंतवैद्य दाढ सर्व बाजूंनी साधारण एक ते दोन मिलिमीटर घासतात, तिचे माप घेतात आणि ते प्रयोगशाळेत पाठवतात. तोवर तात्पुरती टोपी बसवतात. पुढच्या भेटीत पक्की टोपी बसवून, चावण्याची पातळी तपासून ती सिमेंटने चिकटवतात. दाढ फार मोठी भरलेली असेल, तिचा कोपरा तुटला असेल किंवा चावताना कळ येईल अशी चीर गेली असेल, तर काही वेळा रूट कॅनालशिवायही टोपी पुरते. उलट, रूट कॅनाल झालेल्या प्रत्येक पुढच्या दाताला टोपी लागतेच असे नाही.

अर्ध्यावर सोडलेला उपचार

या साऱ्या प्रकरणात सर्वाधिक नुकसान होते ते रूट कॅनाल आणि टोपी यांच्या मधल्या काळात. दुखणे थांबलेले असते. संग्रामपूर किंवा लोणारच्या खेड्यातून शहरातील दंतवैद्याकडे जायचे म्हणजे सोबतच्या माणसाची एक रोजी बुडते. तेवढ्यात सोयाबीनची काढणी येते, मग कापसाची वेचणी, मग घरातले लग्न. दाढ दुखत नाही म्हणून टोपी राहून जाते. आणि एके दिवशी तीच न दुखणारी दाढ मुळापर्यंत चिरते. मग ती काढण्यावाचून इलाज राहत नाही. रूट कॅनालचे पैसे आणि फेऱ्या दोन्ही वाया जातात.

म्हणून शुश्रूषा करणाऱ्यांना माझे सांगणे असे की, रूट कॅनाल सुरू करण्यापूर्वीच टोपीसह एकूण खर्च आणि एकूण फेऱ्या विचारून घ्याव्यात. दोन्हींची तजवीज होत असेल तरच आरंभ करावा आणि टोपीची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. प्रवासाचे म्हणाल, तर राज्यात ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत झाला आणि ६५ ते ७५ वयोगटाला निम्म्या तिकिटाची सवलत आहे. खासगी उपचार परवडत नसतील तर जिल्हा रुग्णालयाच्या दंत विभागात प्रथम तपासून घ्यावे आणि तेथे टोपीची सोय आहे का हे विचारावे. घाटावरील तालुक्यांना छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय तुलनेने जवळ आहे. नागपुरातही शासकीय दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी फेऱ्या अधिक होतात, परंतु खर्च पुष्कळ कमी येतो.

टोपी केव्हा नको?

प्रत्येक दाढ वाचवावीच असा हट्टही नको. हिरडीच्या वर निरोगी दाताचा पुरेसा भाग उरलेला नसेल, चीर मुळापर्यंत गेली असेल किंवा भोवतीचे हाड झिजून दाढ खूप हलत असेल, तर टोपीचा खर्च व्यर्थ जातो. दंतवैद्य "ही काढलेली बरी" असे म्हणाले, तर एक्स-रे दाखवून कारण समजावण्यास सांगावे. समजावून घेतलेला नकार हा उपचारच आहे.

आणखी एक. तुटलेल्या दाढेची धार जिभेला किंवा गालाला सतत कापत असेल, तर ती धार तरी तातडीने घासून घ्यावी. तोंडातील कोणतीही जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर ती दातामुळेच आहे असे गृहीत न धरता तपासून घ्यावी. तंबाखू, खर्रा किंवा मिश्रीची सवय असलेल्यांनी याबाबत एक दिवसही चालढकल करू नये.

कोणती टोपी घ्यावी?

टोप्या मुख्यतः तीन प्रकारच्या: पूर्ण धातूची, धातूवर चिनीमातीचा थर असलेली आणि झिरकोनियाची. मागच्या दाढेसाठी धातूची टोपी दिसायला साधी, पण मजबूत असते. तिच्यासाठी दात कमी घासावा लागतो आणि ती सर्वांत स्वस्त पडते. चिनीमातीचा थर दातासारखा दिसतो, मात्र कठीण पदार्थाने त्याचा टवका उडू शकतो. झिरकोनिया दिसायला चांगला आणि मजबूत, परंतु महाग. खोट्या दागिन्यांनी अंगावर पुरळ उठत असेल तर तसे दंतवैद्यांना सांगावे, कारण काही धातूंच्या टोप्यांत निकेल असते. टोपीबरोबर वॉरंटी कार्ड मिळाले तर ती हमी सहसा टोपी फुटण्याची असते, आतला दात किडण्याची नसते, हे लक्षात ठेवावे. नीट निगा राखली तर चांगली टोपी दहा-पंधरा वर्षे सहज टिकते.

जाण्यापूर्वी: आजार आणि औषधे

हा भाग माझ्या अखत्यारीतला आहे, म्हणून थोडा विस्ताराने सांगतो. दंतवैद्याकडे जाताना घेत असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून न्यावीत. नावे तोंडी सांगू नयेत.

रक्त पातळ करणारी गोळी, मग ती ॲस्पिरिन असो वा क्लोपिडोग्रेल, स्वतःच्या मनाने बंद करू नये. टोपीच्या कामात रक्तस्राव फारसा होत नाही. गोळी बंद केल्याने हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा धोका मात्र खरा असतो. वॉरफरिन घेणाऱ्यांनी आयएनआरचा ताजा अहवाल न्यावा. मधुमेही व्यक्तीने उपाशी जाऊ नये. सकाळची वेळ घ्यावी, नाश्ता आणि औषध नेहमीप्रमाणे घ्यावे, जवळ साखर ठेवावी. रक्तदाबाची गोळीही त्या दिवशी चुकवू नये. हृदयात कृत्रिम झडप असेल, तर काही दंतोपचारांपूर्वी प्रतिजैविकाचा डोस लागतो. तो आधी विचारावा. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांच्या संमतीनेच काम काढावे.

हाडे ठिसूळ झाल्याने अलेंड्रोनेटच्या गोळ्या किंवा झोलेड्रोनिक ॲसिडचे इंजेक्शन घेणारी मंडळी, तसेच तोंडाच्या किंवा गळ्याच्या कर्करोगासाठी किरणोपचार झालेले रुग्ण यांनी ही माहिती न विसरता द्यावी. त्यांच्या बाबतीत दाढ काढल्यावर जबड्याचे हाड न भरण्याचा धोका असतो. म्हणजे "काढूनच टाका" हा सोपा वाटणारा मार्ग त्यांच्यासाठी अधिक जोखमीचा, आणि दाढ वाचवणे अधिक हिताचे.

पक्षाघात, कंपवात किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला गिळताना ठसका लागतो का, हे आधी सांगावे. खुर्ची पूर्ण आडवी न करता काम करता येते. ओळखीचा माणूस शेजारी हात धरून बसला तर निम्मी भीती जाते.

टोपी बसल्यावर

भूल उतरेपर्यंत, साधारण दोन-तीन तास, गरम चहा किंवा जेवण देऊ नये. गाल चावला जातो आणि कळत नाही. तात्पुरती टोपी असताना चिक्की, तिळगूळ असे चिकट पदार्थ टाळावेत. पक्की टोपी चावताना आधी लागत असेल, तर "सवय होईल" म्हणून थांबू नये. ती घासून घेणे पाच मिनिटांचे काम आहे.

टोपीला कीड लागत नाही, परंतु टोपी आणि हिरडी यांच्या सीमेवर उघडा राहिलेला दात किडतो. बहुतेक टोप्या तेथूनच निकामी होतात. म्हणून दिवसातून दोनदा, विशेषतः रात्री झोपताना, मऊ ब्रश आणि फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने ती सीमा हळुवार घासावी. आजीच्या बोटांत ब्रशची दांडी धरवत नसेल तर दांडीला कापडाची पट्टी गुंडाळून ती जाड करावी. हात अगदीच चालत नसेल तर घरच्यांनी मागे उभे राहून दात घासून द्यावेत. मिश्री, कोळसा, विटेची पूड वर्ज्य. अडकित्ता घरात राहू द्यावा, सुपारी मात्र दाढेखाली नको.

काही औषधांनी तोंड कोरडे पडते, त्यात लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेल्या, ॲलर्जीच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्या येतात. लाळ कमी झाली की कीड वेगाने वाढते. रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनने काहींच्या हिरड्या सुजून टोपीवर चढतात. असे दिसल्यास गोळी बंद न करता आम्हांला दाखवावे, पर्याय असतात.

टोपी निसटली तर ती डबीत जपून ठेवावी, घरच्या गोंदाने चिकटवू नये आणि ढिली टोपी तोंडात ठेवून झोपू नये. पुष्कळदा तीच टोपी पुन्हा बसवता येते. गिळली गेली तर सहसा ती शौचावाटे पडते. परंतु त्यानंतर खोकला, घरघर किंवा धाप सुरू झाली, तर लगेच रुग्णालय गाठावे. ती श्वासनलिकेत गेलेली असू शकते.

या पंधरवड्यात एक छोटे काम करावे. घरातील वडीलधाऱ्यांच्या शेजारी जेवायला बसावे आणि ते कोणत्या बाजूने चावतात, ताटात काय मागे ठेवतात, भाकरी कालवूनच खातात का, हे न बोलता पाहावे. मग उजेडात तोंड उघडून तुटलेली, रंग बदललेली किंवा रूट कॅनाल होऊन टोपीविना राहिलेली दाढ आहे का ते पाहावे. तशी दाढ आढळली, तर सुगीची कामे सुरू होण्याआधीच दंतवैद्यांची वेळ घ्यावी. आणि आजोबा "या वयात कशाला?" म्हणालेच, तर त्यांना सांगावे की भाकरी अजून रोज दोन वेळा खायची आहे.